फोनवर कळलेलं नाव दाराबाहेर ठेवा

रुग्णवाहिकेवर नव्याने रुजू झालेल्या एका मुलीचा प्रश्न आहे: "प्रशिक्षणात पन्नासेक आजारांची लक्षणं पाठ केली. पण पेशंटसमोर गेलं की सगळी एकमेकांत मिसळतात. जिवावरचा आजार कोणता आणि आपल्यालाही लागेल असा कोणता, हे पहिल्या काही मिनिटांत ओळखायचं कसं?"

मिसळणारच. पुस्तकात आधी आजाराचं नाव येतं, मग लक्षणं. तुमच्यासमोर असतो एक माणूस, चार घाबरलेले नातेवाईक आणि त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं एक नाव. "दारू पिऊन पडलाय." "पित्त झालंय." "टेन्शन घेतलं म्हणून धाप लागलीय." "वय झालं, बरळतात आता." बावीस वर्षांत माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतल्या फार थोड्या अज्ञानामुळे झाल्या. लक्षण माहीत होतं, समोर दिसतही होतं; पण फोनवर कळलेलं नाव डोक्यात घेऊन मी आत शिरलो होतो आणि त्या नावात न बसणारं काही मला दिसलंच नाही.

म्हणून आजार कोणता हे नंतर. आधी माणूस किती आजारी आहे ते बघा. दारापासून पलंगापर्यंतच्या चार पावलांत तीन गोष्टी कळतात: रंग कसा आहे, श्वास कसा चाललाय आणि तुम्ही आत आल्याची त्याने दखल घेतली का. पांढराफटक, घामाने थबथबलेला आणि तुमच्याकडे मान न वळवणारा पेशंट दिसला की निदान माहीत नसलं तरी घाई करायची की नाही हे ठरलेलं असतं.

मग श्वास मोजा. खरंच मोजा. आमच्या नोंदींमध्ये जगातल्या प्रत्येक माणसाचा श्वास मिनिटाला १८ असतो, कारण तो कुणी मोजलेला नसतो. नाडी यंत्र सांगतं, बी.पी. यंत्र सांगतं, ऑक्सिजन बोटावरची चिमटी सांगते. श्वास मात्र घड्याळाकडे बघत निदान अर्धा मिनिट मोजावा लागतो. निरोगी प्रौढाचा १२ ते २० असतो. स्वस्थ पडलेल्या माणसाचा २६ भरला तर आत काहीतरी बिनसलंय: जंतुसंसर्ग, लपलेला रक्तस्राव, फुप्फुसात अडकलेली गुठळी, मधुमेहात साठलेलं आम्ल. बी.पी. घसरण्याच्या बरंच आधी श्वास वाढतो. लहान मुलांचं बी.पी. तर अगदी शेवटी पडतं. मूल निपचित आहे, हातपाय गार आहेत, कातडी दाबून सोडली की रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त लागतात, एवढं दिसलं की बी.पी.चा आकडा चांगला आला म्हणून निवांत होऊ नका.

याच्या उलटही एक फसवणूक आहे. फोन येतो "आकडी आलीय" असा. तुम्ही पोचता तेव्हा माणूस बेशुद्ध असतो, हातपाय झटकून झालेले असतात आणि मधूनच घोरल्यासारखा एखादा श्वास घेतो. घरचे म्हणतात, "श्वास चालू आहे." तो श्वास नव्हे, ते आचके आहेत. हृदय थांबलं की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि सुरुवातीच्या काही सेकंदांत आकडीसारखे झटके येऊ शकतात. शुद्ध नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की छाती दाबायला लागा आणि शॉक देणारं यंत्र जोडा. नाडी चाचपत मिनिट घालवू नका. खरी आकडी असेल तर ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. पाच मिनिटांच्या पुढे गेली, किंवा मध्ये शुद्धीवर न येताच दुसरी आली, तर औषध देऊन ती थांबवावी लागते. तोंडात काहीही घालायचं नाही. थांबल्यावर कुशीवर वळवायचं आणि बोट टोचून शुगर बघायची.

शुगरचं जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे मी स्वतः आपटलो आहे. नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं होती. "दारुडा आहे, अंगावर येतो," असं सांगून बोलावलं होतं. वास घेतला तर दारूचा वास खरंच येत होता. तो शिव्या देत होता, हात झटकत होता. आम्ही त्याला पट्ट्यांनी आवळून नेलं. रुग्णालयाच्या दारात परिचारिकेने बोट टोचलं: शुगर ३१. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि काही मिनिटांत त्याने अगदी सौजन्याने विचारलं, "मला का बांधलंय?" तो दारू प्यायला होता हे खरंच होतं. दारूनेच शुगर पाडली होती. रिकाम्या पोटी दारू गेली की यकृताला नवी साखर तयार करता येत नाही. फोनवरचं नाव कधीकधी खरंही असतं, आणि तेव्हा ते जास्त घात करतं, कारण आपण पुढे शोधणं थांबवतो.

तेव्हापासून माझा नियम: शुद्धीत फरक, आकडी, एका अंगाची कमजोरी किंवा विचित्र वागणं, यांपैकी काहीही असलं की शुगर बघितल्याशिवाय पेशंट हलवायचा नाही. ७० मिलिग्रॅमच्या खाली कमी, ५४ च्या खाली धोक्याची. नीट गिळू शकत असेल तर पंधरा ग्रॅम साखर तोंडाने. गिळता येत नसेल तर तोंडात एक थेंबही नको. शिरेतून ग्लुकोज किंवा ग्लुकागॉनचं इंजेक्शन, तुम्हाला जे देण्याची परवानगी असेल ते. शुगर वर आली की पेशंट म्हणतो, "आता बरं वाटतंय, जा तुम्ही." तो इन्सुलिनवर आहे की गोळ्यांवर, हे विचारा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि शुगर पुन्हा घसरते. अशा माणसाला घरी सोडून यायचं नाही.

वाढलेली शुगर सावकाश येते, पण तिचं एक रूप 'पोटदुखी आणि उलट्या' या नावाखाली लपतं, विशेषतः तरुण मुलांत, जिथे मधुमेह आहे हेच अजून कुणाला माहीत नसतं. खोल, लांब, न थांबणारा श्वास, कोरडी पडलेली जीभ, पिकलेल्या फळासारखा तोंडाचा वास. या श्वासाला "घाबरलाय" म्हणून कागदी पिशवी तोंडाला लावणारे लोक मी पाहिले आहेत. तो श्वास शरीरातलं आम्ल बाहेर टाकत असतो. तो अडवला तर माणूस जातो. कागदी पिशवी हा प्रकार गाडीतून कायमचा हद्दपार करा.

पक्षाघाताची खूण सगळ्यांना येते: तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोलणं अडखळतं. त्यात तोल आणि नजर या दोन गोष्टी जोडा. मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात 'चक्कर आणि उलट्या' बनून येतो. साध्या चक्करेतला माणूस आधाराने तरी बसतो, याला बसताही येत नाही. सर्वांत मौल्यवान माहिती म्हणजे वेळ, आणि तीच आपण चुकीची विचारतो. "कधी कळलं?" असं विचारू नका, "शेवटचं नीट कधी पाहिलं होतं?" असं विचारा. सकाळी सातला उठला तेव्हा हात चालत नव्हता आणि रात्री अकराला नीट बोलून झोपला होता, तर घड्याळ अकरापासून चालू. गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. गुठळी ओढून काढण्याचा उपाय निवडक पेशंटना २४ तासांपर्यंतही मिळू शकतो. त्यामुळे "उशीर झालाच आहे" असं तुम्ही ठरवू नका, वेळ सांगा. आणि ॲस्पिरिन देऊ नका. आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय बाहेरून कुणालाच सांगता येत नाही.

हृदयाच्या बाबतीत ॲस्पिरिन मात्र द्यायचं, ३०० मिलिग्रॅम, चावून, ॲलर्जी किंवा चालू रक्तस्राव नसेल तर. छातीवर हात दाबून कोसळणारा मध्यमवयीन पुरुष सगळेच ओळखतात. चुकतात त्या स्त्रिया, म्हातारी माणसं आणि मधुमेही. त्यांचा हार्ट ॲटॅक जबड्यात, पाठीत, पोटाच्या वरच्या भागात दुखतो, किंवा दुखतच नाही. नुसती धाप, दरदरून घाम आणि "काहीतरी वाईट होणार" ही भावना. विनाकारण थंड घाम फुटलेल्या चाळिशीच्या पुढच्या माणसाला ईसीजी काढेपर्यंत मी पित्ताचा पेशंट म्हणत नाही, आणि तो ईसीजी पोचल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवा. जिभेखालच्या गोळीपूर्वी बी.पी. बघा आणि लैंगिक क्षमतेसाठी काही गोळी घेतली होती का, ते संकोच न करता, नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारा. दोन्ही औषधं एकत्र आली की बी.पी. कोसळतं.

दम्यात सगळे शिट्टीसारखा आवाज शोधतात. आवाज आहे तोवर हवा आत-बाहेर जातेय. धापणारा पेशंट एकाएकी शांत झाला, छातीतला आवाज नाहीसा झाला, डोळे मिटू लागला, तर तो बरा होत नाही, थकून हरतोय. तीव्र ॲलर्जीत अशीच गफलत पुरळाबाबत होते: दर दहांतल्या एक-दोघांच्या अंगावर काहीच उठत नाही. ॲलर्जीच्या पदार्थाशी, औषधाशी किंवा कीटकाच्या डंखाशी संबंध आल्यानंतर काही मिनिटांत आवाज बसला, श्वास घरघरला किंवा बी.पी. पडलं, एवढं पुरेसं आहे. ॲड्रेनलिन, प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. फरक नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. ॲलर्जीची गोळी खाज घालवते, जीव वाचवत नाही. आणि त्याला चालवत गाडीपर्यंत आणू नका; आडव्या माणसाला एकदम उभं केल्यावर हृदय थांबल्याची उदाहरणं आहेत.

आता संसर्गाकडे. इथे पुन्हा नावाचाच घोळ आहे, फक्त बळी आपण असतो. फोनवर "छातीत दुखतंय" सांगतात, म्हणून कुणी मास्क लावत नाही. आत गेल्यावर कळतं, तीन आठवड्यांचा खोकला आहे, रात्री घामाने अंथरूण भिजतं, कपडे सैल झालेत, थुंकीत रक्त आहे. टीबीचं निदान आपण करत नाही, पण दोन आठवड्यांच्या वरचा खोकला ऐकला की आपलं वागणं बदललं पाहिजे. म्हणून मी दारातच, हात लावण्याआधी, चार प्रश्न विचारतो: ताप आहे का? खोकला किंवा अंगावर पुरळ? उलट्या-जुलाब? घरात आणखी कुणी आजारी आहे किंवा कुणी नुकतं प्रवास करून आलंय का? पंधरा सेकंद लागतात.

उत्तरावरून आजाराचं नाव शोधत बसू नका, तो आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने येईल ते शोधा. वाटा मोजक्याच आहेत. हवेत तरंगत येणारे: टीबी, गोवर, कांजिण्या. यांना एन-९५ तोंडावर घट्ट बसलेला हवा, गाडीच्या खिडक्या उघड्या, चालकाच्या बाजूची झडप बंद. पेशंटला साधा सर्जिकल मास्क. धाप लागलेल्या माणसाच्या तोंडावर एन-९५ बांधू नका. शिंतोड्यांतून येणारे: मेंदूज्वराचा एक भयंकर प्रकार (मेनिंगोकोकस जंतूचा), घटसर्प, डांग्या खोकला, फ्लू. तिथे सर्जिकल मास्क आणि डोळ्यांवर आडोसा. पण घशात नळी घालताना किंवा नेब्युलायझर लावताना शिंतोड्यांचे बारीक कण होतात, तेव्हा पुन्हा एन-९५. स्पर्शातून आणि विष्ठेतून येणारे: जुलाबाचे बहुतेक आजार, खरूज. रक्तातून येणारे शेवटी सांगतो.

गोवर हा यांतला सर्वांत चिवट. लस न घेतलेल्या समाजात एक पेशंट १२ ते १८ जणांना देतो, आणि तो खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून तो पसरवत असतो, म्हणजे जेव्हा सगळे 'सर्दी-ताप' म्हणत असतात तेव्हा. खोकला, वाहतं नाक, लालभडक डोळे, आणि मग केसांच्या कडेपासून, कानामागून खाली उतरत जाणारं पुरळ. कांजिण्यांचे फोड वेगळे: एकाच जागी नवा फोड, पाणी भरलेला फोड आणि खपली तिन्ही सापडतात. दोन्हींच्या बाबतीत खरं संरक्षण मास्कच्या आधीचं आहे, तुमची स्वतःची लस. गर्भवती सहकारी असेल आणि तिला कांजिण्या झालेल्या नसतील, लसही नसेल, तर तिला त्या घरात पाठवू नका.

मेंदूज्वरात मान कडक होते असं पाठ केलं असेल. होते, पण तान्ह्या बाळात बहुधा नाही, आणि मोठ्यांतही ताप, मान आणि शुद्धीतला फरक ही तिन्ही लक्षणं एकत्र दर वेळी नसतात. बाळ चिडचिडं, उचललं की जास्त रडतं, टाळू फुगलेली, दूध घेत नाही: एवढ्यावर चला. अंगावर जांभळे-लाल ठिपके असतील तर काचेचा पेला त्यांवर दाबा. रंग गेला नाही तर ते त्वचेखालचं रक्त आहे, आणि तासांचा नाही, मिनिटांचा हिशेब सुरू झाला. सावळ्या कातडीवर ते सहज दिसत नाहीत. तळहात, तळपाय, टाळा आणि पापणीची आतली बाजू बघा.

जंतुसंसर्ग रक्तात पसरून अवयव बंद पडू लागतात, त्या सेप्सिसला ताप असेलच असं नाही. म्हाताऱ्या माणसाचं अंग उलट ३६ अंशांच्या खालीही जाऊ शकतं आणि कधीकधी एकमेव लक्षण असतं 'दोन दिवस बरळतात'. श्वास २२ किंवा जास्त, वरचं बी.पी. १०० किंवा कमी, शुद्धीत फरक, यांतल्या दोन गोष्टी सापडल्या तर रुग्णालयाला वाटेतूनच "सेप्सिसचा संशय" असे शब्द वापरून कळवा. एकच सापडली म्हणून सेप्सिस नाही असं मात्र होत नाही. घरच्यांना विचारायचा प्रश्न: "एरवी हे असेच असतात का?"

डेंग्यूत सगळ्यात फसवं वाक्य म्हणजे "ताप उतरला". तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि नेमकं तेव्हाच काहींच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागतं. पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थपणा किंवा सुस्ती. बी.पी.चा वरचा आकडा दिसायला बरा असतो. खालचा आणि वरचा यांतलं अंतर बघा. १०० वर ८२ हे चांगलं बी.पी. नाही. अंतर २० किंवा त्याहून कमी म्हणजे धक्का, म्हणजे अवयवांना रक्त अपुरं पडणं, सुरू झालाय.

जुलाबाच्या पेशंटनंतर हाताला सॅनिटायझर चोळून भागत नाही. नोरोव्हायरसवर अल्कोहोल कमजोर पडतं आणि क्लॉस्ट्रिडियमच्या बीजाणूंवर चालतच नाही. साबण आणि वाहतं पाणी. गाडी ब्लीचने पुसा.

एक प्रसंग पेशंटच्या जिवावरचा आणि आपल्यालाही बाधणारा, अशा दोन्ही गटांत बसतो, म्हणून मुद्दाम इथे. एकाच घरात तिघांना डोकेदुखी, मळमळ, गरगरणं. सगळे म्हणतात साथ आहे. ताप कुणालाच नाही. बंद खोलीत शेगडी, जनरेटर किंवा गॅस गीझर चालू आहे. बोटावरची चिमटी ९९ दाखवते, कारण साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजनवालं रक्त यांतला फरक कळत नाही. सगळ्यांना बाहेर काढा, स्वतःही बाहेर या, आणि आकडा काहीही असो, भरपूर ऑक्सिजन लावा.

आता रक्ताची वाट. सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, ब्लीच लावू नका. पेशंटच्या रक्तात विषाणू असेल तर एका टोचणीतून एचआयव्ही लागण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी लागण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत असू शकते. लोक घाबरतात पहिल्याला आणि लस चुकवतात दुसऱ्याची. तीन डोस घ्या आणि नंतर रक्त तपासून प्रतिकारशक्ती खरंच आली का बघा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध काही तासांत सुरू झालं तर उत्तम, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग मानला जात नाही, आणि ते २८ दिवस घ्यायचं असतं. म्हणजे ड्यूटी संपल्यावर सांगू, असं चालत नाही.

रुग्णालयात पेशंट सोपवताना पाहिलेलं आणि मोजलेलं सांगा, वेळेसकट. शेवटची गोष्ट माझ्या तरुणपणी मला कुणी सांगितली नव्हती: पेशंट कोणता आजार घेऊन गेला हे आपल्याला आपोआप कळत नाही. तापाच्या पेशंटचा घसा सक्शनने साफ केला असेल, तोंडावर शिंतोडे आले असतील, तर स्वतःचं नाव आणि फोन तिथल्या नोंदीत लिहून या आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा. मेनिंगोकोकसचा मेंदूज्वर निघाला तर जवळून शिंतोडे झेललेल्याला प्रतिबंधक ॲन्टिबायोटिक लागतं, आणि ते शक्यतो २४ तासांच्या आत.